गाळणीची छिद्रे आणि मागाहूनचे शहाणपण

‘त्यात काय मोठंसं?’ हे तीन शब्द आपल्या समाजव्यवस्थेत फार जुने आहेत. कष्टकऱ्याने स्वतःच्या डोक्याने काही नवे करून दाखवले की प्रस्थापितांच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडतात. उलट एखाद्या धनदांडग्याने जुनीच वस्तू नव्या वेष्टनात घालून बाजारात आणली की तीच तोंडे ‘काय हा शोध!’ म्हणून कौतुक करू लागतात. पेटंटच्या कायद्याने नेमका हाच प्रश्न न्यायालयाच्या दारात आणून उभा केला आहे. समोर आलेली वस्तू खरोखर शोध आहे, की त्या धंद्यातल्या कोणाही जाणकाराला ती सहज सुचली असती? सहज सुचण्यासारखी असेल तर कायदा तिला ‘स्वयंस्पष्ट’ म्हणतो आणि तिच्यावर पेटंट देत नाही.

हा विषय वकिलांचा आणि शास्त्रज्ञांचा, आपला काय संबंध, असे म्हणणारे कार्यकर्ते बरेच भेटतात. संबंध आहे, आणि तो थेट आहे. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची मक्तेदारी. या काळात ती वस्तू कोणी बनवायची आणि काय भावाने विकायची हे एकटा मालक ठरवतो. क्षयाची गोळी, डायलिसिसच्या रुग्णाच्या हातात बसवायची नळी, घरातल्या पाण्याची गाळणी या सगळ्यांची किंमत या एका प्रश्नाच्या उत्तराने वर किंवा खाली जाते. म्हणून ‘स्वयंस्पष्ट’ कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे, हे शोषित समाजाला समजलेच पाहिजे.

त्यासाठी एका सच्छिद्र पदार्थाचा खटला मुळातून पाहण्यासारखा आहे.

एका झटक्याची किंमत

नळ बसवताना प्लंबर आट्यांवर पांढरी पातळ फीत गुंडाळतो, ती टेफ्लॉनची. टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत सापडले. ते पाण्याला दाद देत नाही, आम्लाला दाद देत नाही आणि कशाला चिकटत नाही. मात्र ते ताणू गेले की तुटते. त्या धंद्यातली सर्वमान्य समजूत अशी होती की, ताणायचेच असेल तर हळूहळू ताणावे.

डेलावेअर राज्यातील डब्ल्यू. एल. गोर या कंपनीत रॉबर्ट गोर १९६९ च्या ऑक्टोबरात टेफ्लॉनच्या कांड्या तापवून हळूहळू ताणत होते आणि कांड्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक तापलेली कांडी जोराने हिसडली. ती तुटली नाही. ती मूळ लांबीच्या सुमारे दहापट झाली आणि तिची जाडी फारशी कमीही झाली नाही. मग वाढलेली जागा कशाने भरली? हवेने. त्या पदार्थाच्या आत सूक्ष्म गाठी आणि त्यांना जोडणारे बारीक तंतू तयार झाले होते आणि त्यांच्यामधली जागा मोकळी होती. या छिद्रांतून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. याच गुणामुळे हा पदार्थ पुढे पावसाळी कपड्यांत आला, कारखान्यांच्या धुरातली धूळ अडवणाऱ्या फिल्टरच्या पिशव्यांत आला आणि माणसाच्या शरीरातल्या कृत्रिम रक्तवाहिन्यांतही आला.

गोर यांनी १९७० मध्ये अर्ज केला. १९७६ आणि १९८० मध्ये त्यांना पेटंटे मिळाली. कृतीच्या दाव्याचा गाभा साधा होता. टेफ्लॉन त्याच्या वितळबिंदूच्या खाली तापवावे आणि सेकंदाला दहा टक्क्यांहून अधिक वेगाने ताणावे. गारलॉक या कंपनीविरुद्ध गोर न्यायालयात गेली. ओहायोतील न्यायालयाने १९८२ मध्ये गोरचीच पेटंटे रद्द ठरवली. युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. टेफ्लॉन आधीच माहीत होते. प्लास्टिक तापवून ताणतात हेही माहीत होते. इतर प्लास्टिके वेगाने ताणली जात होती, आणि टेफ्लॉन ताणून सच्छिद्र करण्याविषयी जपानमध्ये एक पेटंटही होते. हे सगळे एकत्र ठेवले की गोर यांची कृती तयार होते. मग शोध कुठला?

पेटंटविषयक अपिलांच्या न्यायालयाने नोव्हेंबर १९८३ मध्ये हा निकाल बहुतांशी फिरवला. त्या निकालाने घालून दिलेली शिस्त आजही जगभर सांगितली जाते. तिचा अर्थ आपल्या शब्दांत असा. पहिले म्हणजे, आजच्या नजरेने पाहू नका; शोध लागण्याच्या आदल्या दिवशी जाऊन उभे राहा. दुसरे, जुने कागद पुरते वाचा. त्यातली सोयीची वाक्ये वेचून घ्यायची आणि ‘असे करू नका’ सांगणारी वाक्ये झाकून ठेवायची, हे चालणार नाही. टेफ्लॉनच्या बाबतीत जुने ज्ञान हळू ताणा असे सांगत होते. गोर यांनी त्याच्या नेमके उलट केले. आणि तिसरे, शोधकाने जे शिकवले तेच हातात घेऊन त्याच्याच पाठीत घालू नका. उत्तर कळल्यावर कोडे सोपे वाटणारच. मागाहून सुचलेले शहाणपण हा पुरावा नव्हे.

मात्र याच निकालात पेटंटाचा पहिला, सर्वांत व्यापक दावा टिकला नाही. शब्द इतके ऐसपैस होते की आधीपासून चाललेला वापरही त्यांच्या कवेत येत होता. म्हणजे न्यायालयाने सरसकट पेटंटाची बाजूही घेतली नाही आणि सरसकट नाकारलेही नाही. दावा वेगळा, म्हणून निवाडाही वेगळा. एकेक दावा सुटा करून तपासणे, हीच या कामातली खरी मेहनत आहे.

कोणाचे ज्ञान मोजले जाते?

या खटल्यात आणखी एक माणूस आहे आणि आपल्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमधील जॉन क्रॉपर यांनी गोर यांच्या आधीच, १९६६ मध्ये, टेफ्लॉनची फीत ताणून सच्छिद्र करणारे यंत्र बनवले होते. त्यांनी ते अमेरिकेतील बड या कंपनीला विकले आणि बडने ते गुपित म्हणून वापरले. फिती बाजारात विकल्या गेल्या, पण फीत पाहून ती कशी केली हे कोणाला कळण्यासारखे नव्हते. मग गोर पहिले कसे? न्यायालयाचे उत्तर असे होते की, ज्याने ज्ञान दडवून ठेवले त्याचे ज्ञान, ज्याने ते अर्ज करून जगापुढे ठेवले त्याच्या आड येऊ शकत नाही. पेटंट हा सौदा आहे. समाजाला कृती सांगा आणि काही वर्षांची मक्तेदारी घ्या.

तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही. परंतु येथे आपल्यासारख्यांनी थांबून विचार केला पाहिजे. ज्ञान न लिहिले जाण्याची कारणे दोन असतात. एक, कंपनीने नफ्यासाठी ते दडवले. दुसरे, ज्याच्या हातात ज्ञान होते त्याच्या हातात लेखणी येऊच दिली गेली नाही. कातडे कमावणारा, मडकी घडवणारा, दोर वळणारा, सूत रंगवणारा यांचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या उघड्यावर वापरात होते. ते दडवलेले नव्हते. ते नोंदलेले मात्र नव्हते, कारण नोंद करण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या ताब्यात होता.

याची किंमत हळदीच्या प्रकरणात सगळ्या देशाने पाहिली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या घराघरांत जखमेवर हळद दाबली जाते, हे तिथे पुरावा म्हणून चालत नव्हते. तेव्हाचा अमेरिकी कायदा परदेशातला नुसता वापर मानत नसे. परदेशातले छापील मात्र मानत असे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीचा अनुभव हरला आणि छापील पान जिंकले. परदेशातला उघड वापर धरायचा नाही ही अट अमेरिकेने २०११ च्या कायद्याने काढली आणि हा बदल २०१३ पासून लागू झाला. तोवर किती आज्यांचे ज्ञान कोणाकोणाच्या नावावर चढले, याचा हिशेब कोण देणार?

तोच माल, उलटी भूमिका

ज्या गोर कंपनीने १९८३ मध्ये मागाहूनच्या शहाणपणाविरुद्ध लढा जिंकला, तीच कंपनी पुढे दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. ताणलेल्या टेफ्लॉनची सच्छिद्र नळी रक्तवाहिनी म्हणून बसवता येते आणि त्यासाठी आतल्या तंतूंची लांबी विशिष्ट मर्यादेत असावी लागते, असा दावा ॲरिझोनातील डॉ. डेव्हिड गोल्डफार्ब यांनी १९७४ मध्ये अर्ज करून केला. नळ्यांचे नमुने त्यांना गोरच्याच एका कर्मचाऱ्याकडून मिळाले होते. खरा शोधक कोण, या वादात हे पेटंट २८ वर्षे अडकले आणि २००२ मध्ये मंजूर झाले. ते बार्ड कंपनीच्या हाती आले. बार्डने दावा लावला, तेव्हा गोरचे म्हणणे काय होते? हे पेटंट मुळातच अवैध आहे, यातले काही नवे नाही आणि ते स्वयंस्पष्ट आहे! २००७ मध्ये ज्यूरीने गोरविरुद्ध कौल दिला आणि सुमारे १८५ दशलक्ष डॉलरची भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी ती दुप्पट केली. २०१२ मध्ये अपिलातही ते पेटंट वैध ठरले.

यातून कोणा एका कंपनीला दोष द्यायचा नाही. भांडवलाला तत्त्व नसते, बाजू असते. आपले पेटंट असले की ‘स्वयंस्पष्ट’ हा शब्द जुलमी वाटतो आणि दुसऱ्याचे असले की तोच शब्द न्यायाचा वाटतो. पण या रस्सीखेचीत तिसरा माणूस आहे, आणि तो न्यायालयात कधीच नसतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण कोणत्या बाजूने वकील देणार? म्हणूनच ही कसोटी कंपन्यांच्या सोयीवर न ठेवता शिस्तीवर ठेवली पाहिजे.

आपल्या कायद्याने दिलेले हत्यार

भारताचा १९७० चा पेटंट कायदा न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर उभा आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर कलम २(१)(जेए) मध्ये शोधाची पायरी म्हणजे काय ते सांगितले आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती असावी, किंवा आर्थिक महत्त्व असावे, किंवा दोन्ही असावे. आणि शिवाय ती गोष्ट त्या विद्येतल्या जाणकाराला स्वयंस्पष्ट नसावी. यातला ‘आणि’ फार मोलाचा आहे. माल बाजारात धडाधड खपला एवढ्याने पेटंट मिळत नाही.

हा जाणकार म्हणजे कोण? कायद्याने इथे नोबेल विजेता बसवलेला नाही. त्याने त्या धंद्यातला सामान्य कसबी माणूस बसवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात हेच मोजमाप लावले. भांडी लेथवर घासून चकाकी आणताना ती पकडून ठेवण्याच्या जोडणीवर पेटंट होते. न्यायालय म्हणाले की, कारखान्यात काम करता करता कोणीही कारागीर करील अशी ही सुधारणा आहे आणि तिला शोध म्हणता येत नाही. ज्या देशात कारागिराच्या अकलेला शतकानुशतके शून्य किंमत होती, तिथे कायद्याने त्याची अक्कल हेच मोजमाप ठरवावे, ही लहान गोष्ट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये केएसआर खटल्यात सांगितले की, हा सामान्य जाणकार यंत्रासारखा मठ्ठ नसतो, त्यालाही सामान्य कल्पकता असते. माहीत असलेल्या वस्तू एकत्र करून अपेक्षित तेच घडत असेल, तर तो शोध नव्हे.

दुसरे हत्यार कलम २५(१) चे आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. स्वयंस्पष्टता हा त्या विरोधाचा एक आधार आहे. आणखी एक आधार असा की, ही गोष्ट स्थानिक किंवा मूलनिवासी समाजाच्या ज्ञानात, मग ते तोंडी का असेना, आधीच होती. ‘तोंडी का असेना’ हे आपल्या कायद्यात आहे! हळदीच्या वेळी अमेरिकेत जे नव्हते ते इथे आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाच्या क्षारावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला. विरोध करणाऱ्यांत क्षयातून वाचलेल्या दोन महिला होत्या. एक भारतातली, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबवण्याचा तो प्रयत्न होता आणि तो अडवला गेला.

गाळणीच्याच धंद्यातले देशी उदाहरणही आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरचे, वीज न लागणाऱ्या पाणी शुद्धीकरण यंत्राच्या फिल्टरवरचे पेटंट २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने टाटा केमिकल्सच्या अर्जावरून रद्द केले. आंतरराष्ट्रीय तपासणीची माहिती भारतीय कार्यालयापुढे न ठेवणे हा त्यातला एक प्रमुख आधार होता. दोन हत्ती झुंजले म्हणून ही गोष्ट उजेडात आली. जिथे दुसरा हत्ती नसतो तिथे काय? ते अपील मंडळही २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले. २०२४ च्या नियमांनी मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लावले आणि तो दाखल करून घ्यायचा की नाही हे आधी नियंत्रकाने तपासावे अशी पायरी घातली. दार बंद झालेले नाही, पण उंबरठा उंच झाला आहे.

परीक्षा कशी घ्यावी?

आता एक कल्पित अर्ज घेऊ. समजा, एखाद्याने दावा केला की, मातीत भाताचे तूस मिसळून भाजले की तूस जळून जाते, त्याची जागा छिद्रे घेतात आणि अशा भांड्यातून पाणी गाळले जाते. याची परीक्षा कशी करावी?

पहिली पायरी, तारीख. अर्जाच्या आधी काय उघड होते ते शोधा. ग्वाटेमालात फर्नांदो माझारिएगोस यांनी १९८१ मध्ये अशीच मातीची गाळणी विकसित केली होती, आणि ‘पॉटर्स फॉर पीस’ या संस्थेने तिची कृती पेटंट न घेता देशोदेशीच्या कुंभारांना शिकवली. आपल्याकडे विटांच्या मातीत तूस मिसळणे ही रोजची गोष्ट आहे. दुसरी पायरी, फरक. अर्जात याहून वेगळे काय आहे? नुसते प्रमाण थोडे कमी-जास्त केले असेल, तर तेवढे कोणताही कुंभार चार भट्ट्यांत करून पाहील. तिसरी पायरी, दिशा. जुने ज्ञान या वाटेने जा म्हणत होते की जाऊ नका म्हणत होते? चौथी पायरी, परिणाम. जे घडले ते अपेक्षित होते की अनपेक्षित?

या चार पायऱ्यांवर वरचा दावा कोसळतो. पण समजा, त्याच अर्जात दुसरा दावा असेल. तूस एका विशिष्ट आकाराचे दळले आणि भट्टीचा ताव जाणकार टाळतात तसा ठेवला, तर छिद्रे इतकी एकसारखी होतात की जिथे जंतू निसटायचे तिथे ते अडतात, आणि हे प्रयोगाने सिद्ध केले आहे. मग आपल्याला ‘त्यात काय मोठंसं’ म्हणता येणार नाही. तो अर्जदार एखाद्या खेड्यातला कुंभाराचा मुलगाही असू शकेल. कंपनीविरुद्ध वापरलेली सैल कसोटी उद्या त्याच्याच गळ्याला लागेल, हे विसरून चालणार नाही.

म्हणून ‘सगळी पेटंटे लुटारू’ ही घोषणा पुरेशी नाही, आणि ‘पेटंट म्हणजे प्रगती’ हा सरकारी जप तर नाहीच नाही. आपल्याला हवी आहे ती नेमकी तपासणी. चळवळीतल्या तरुणांत आज अभियंते आहेत, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर आहेत, वकील आहेत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणारे अर्ज कोणालाही वाचता येतात. पाणी, औषध आणि शेतीची अवजारे या तीन विषयांवरचे अर्ज वाचणारे अभ्यासगट जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहू शकतात. दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. आपल्या वस्त्यांतल्या कारागिरांची कसबे तारीख, ठिकाण आणि कृतीसह लिहून काढा आणि छापा. कायदा तोंडी ज्ञान मानतो हे खरे, पण सिद्ध करायची वेळ आली की लिहिलेले पानच उभे राहते.

आमच्या पूर्वजांच्या हाताला ज्ञान होते, लेखणी नव्हती. आज लेखणी आहे. ती आता कारागिरांच्या कसबासाठी चालवली पाहिजे.